दुखण्याला नाव कुणी द्यायचे?

'अंगावरून पांढरे जाते' ही आपल्याकडच्या दवाखान्यांत रोज ऐकू येणारी तक्रार. ती सांगणाऱ्या बाईला जंतुसंसर्ग झाला असणार असे धरून चालायचे आणि गोळ्या लिहून द्यायच्या, ही पडलेली पद्धत. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात अठरा ते पन्नास वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या तक्रारीचा सर्वांत घट्ट संबंध संसर्गाशी नव्हता, तर मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी होता. मनाचे ओझे दवाखान्याची पायरी चढताना शरीराची भाषा बोलत होते. हे ज्याला ठाऊक नाही तो डॉक्टर भलत्याच आजारावर उपचार करतो, आणि ज्याने नैराश्याची लक्षणे फक्त पुस्तकातून पाठ केली आहेत त्या समुपदेशकाला समोरच्या बाईत नैराश्य दिसतच नाही. यात कुणी परदेशी नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. वेगळ्या संस्कृतीतून आलेल्या माणसावर मानसोपचार करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडनमधला भारतीय किंवा न्यूयॉर्कमधला चिनी येतो. प्रत्यक्षात हे अंतर एकाच तालुक्यात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना असते. आणि ते ओलांडणे हा सौजन्याचा भाग नसून उपचाराचाच भाग आहे, एवढे एकच मला येथे मांडायचे आहे.

शस्त्रक्रिया करणाऱ्याला रुग्णाची भाषा आली नाही तरी आतडे कापता येते. ताप उतरवणाऱ्या गोळीला रुग्णाची जात, गाव, देव काही ठाऊक असावे लागत नाही. बोलून करायच्या उपचाराचे तसे नाही. तिथे शब्द हेच औजार असते, आणि शब्द कुणाच्या तरी घरातून, कुणाच्या तरी ओसरीवरून आलेले असतात. मानववंशशास्त्राचे अभ्यासक आणि मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरास्थेनिया' म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा असे निदान झालेले शंभर रुग्ण तपासले. पाश्चात्त्य निकष लावल्यावर त्यांतले ८७ जण नैराश्याचे निघाले. पण क्लाइनमन यांचा शोध 'चिनी डॉक्टर चुकले' असा नव्हता. एका समाजात तयार झालेले आजाराचे कप्पे दुसऱ्या समाजावर बसवून 'पाहा, इथेही तेच आहे' असे म्हणणे ही चूक ठरू शकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या रुग्णांच्या डोकेदुखीत आणि थकव्यात सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भोगलेले अपमान आणि ताटातुटी होत्या. 'नैराश्य' हे नाव देऊन गोळी सुरू करता आली असती, पण ती कहाणी ऐकायची राहून गेली असती. म्हणून रुग्णाला आधी त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण विचारा, असा त्यांचा आग्रह होता: तुम्ही याला काय म्हणता, हे कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते, तेव्हाच का सुरू झाले, तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. हे प्रश्न साधे आहेत, पण आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांत ते क्वचितच विचारले जातात.

असे विचारून फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आता नुसत्या मतांवर सोडण्याची गरज राहिलेली नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये स्टॅन्ली स्यू यांनी सिएटल भागातल्या मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अल्पसंख्य समाजांतले साधारण निम्मे लोक पहिल्या भेटीनंतर परतलेच नव्हते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण तीस टक्के होते. २००६ मध्ये ग्रिनर आणि स्मिथ यांनी ७६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रुग्णाच्या संस्कृतीशी जुळवून घेतलेले उपचार अधिक गुणकारी ठरलेच, पण त्यातही इंग्रजीऐवजी रुग्णाच्या मातृभाषेत दिलेल्या उपचारांचा परिणाम इंग्रजीतल्या उपचारांच्या दुप्पट आढळला. पुढे २०११ मध्ये बेनिश, क्विंटाना आणि वॅम्पोल्ड यांनी हा फायदा नेमका कशामुळे होतो ते शोधले. आजार का झाला याचे रुग्णाला पटणारे, त्याच्या जगात बसणारे स्पष्टीकरण उपचारात आले की परिणाम वाढतो, असे त्यांना दिसले. त्याच वर्षीचा कॅब्राल आणि स्मिथ यांचा आढावा तर मला अधिकच महत्त्वाचा वाटतो. लोकांना आपल्याच वंशाचा उपचारक हवा असतो हे त्यात स्पष्ट दिसले, पण तसा मिळाल्याने गुण येण्यात पडलेला सरासरी फरक जवळजवळ शून्य होता. या सगळ्याचा एकत्र अर्थ काय? उपचारक आपल्या जातीचा, धर्माचा, गावचा असणे ही अट नाही. माझे दुखणे त्याने माझ्या शब्दांत समजून घेतले का, ही मात्र अट आहे. आणि ती प्रशिक्षणाने पुरी करता येते.

झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हेच करून दाखवले. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडे 'डोक्यात सारखे चक्र चालू असते' म्हणतात, तसेच. त्यांनी नैराश्य हा शब्द लोकांच्या गळी उतरवण्याचा खटाटोप केला नाही. याच शब्दापासून सुरुवात केली आणि वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले. ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणे नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. युगांडाच्या खेड्यांतही असेच झाले. नातेसंबंधांवर काम करणारी अमेरिकी उपचारपद्धत तिथे नेताना मृत माणसाबद्दल वाईट बोलू नये हा तिथला संकेत आड आला. तेव्हा 'गेलेल्या माणसाचे दोष सांगा' हा प्रश्न गळला आणि 'त्यांच्यामुळे कधी मन खट्टू झाले होते का' असा प्रश्न आला. उपचाराचा गाभा तोच राहिला, फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट बदलली.

आता महाराष्ट्राकडे पाहू. आपल्याकडे मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण बहुतांश इंग्रजीत होते. विद्यार्थी इंग्रजीत शिकतो, इंग्रजीत केस लिहितो, इंग्रजीत मार्गदर्शन घेतो, आणि मग मराठी बोलणाऱ्या माणसासमोर बसून मनातल्या मनात भाषांतर करत राहतो. या भाषांतरात काय निसटते ते पाहण्यासाठी व्याकरणाचे एकच उदाहरण पुरेसे आहे. मराठीत आपण 'मी रागावलेला आहे' असे सहसा म्हणत नाही. 'मला राग येतो' म्हणतो. भीती वाटते, रडू येते, वैताग येतो. भावना माणसाकडे येतात, जणू पाहुण्या आहेत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मात्र सांगते की राग घटनेमुळे येत नाही, तुमच्या धारणेमुळे येतो. हे पुस्तकी मराठीत सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, दोष माझ्यावरच ढकलला. पण मराठीतच 'मनाला लावून घेणे' असा वाक्प्रचार आहे. 'तो बोलला आणि तू मनाला लावून घेतलेस' या वाक्यात एलिस यांचा अख्खा सिद्धांत घरच्या कपड्यांत उभा आहे: बोलणारा वेगळा, लावून घेणारा वेगळा, आणि लावून घेणे ही करता न करता येण्यासारखी कृती. शेतात राबणाऱ्या माणसालाही ते व्याख्येशिवाय कळते. ठाण्याच्या आय.पी.एच. संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती मराठी विचारविश्वाशी जोडण्याचे काम गेली तीन दशके केले आहे, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. एखादा उपचार मराठीत आला असे केव्हा म्हणायचे? त्याला मराठीतले मूळ सापडते तेव्हा. नुसत्या पारिभाषिक शब्दांनी ते होत नाही.

शब्दांइतकाच नात्याचा प्रश्न आहे. पाश्चात्त्य प्रशिक्षणात उपचारकाने सल्ला देऊ नये, रुग्णाला स्वतःचे उत्तर शोधू द्यावे, ही शिस्त मानली जाते, आणि तिच्यामागे माणसाच्या स्वातंत्र्याचा आदर आहे. पण शंभर रुपये भाडे खर्चून तालुक्याच्या गावाहून आलेल्या माणसाने 'मी काय करू, साहेब?' असे विचारावे आणि उत्तरादाखल 'तुम्हाला काय वाटते?' असा प्रश्न यावा, तर त्याला ती टाळाटाळ वाटते. पंजाबीतले कवी आणि मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्येच मांडले होते की भारतीय रुग्णाच्या मनात उपचारकाबद्दलची अपेक्षा गुरू-शिष्याच्या नात्याजवळची असते, आणि तिचा उपचारासाठी उपयोग करून घेता येतो. या मताशी मी पूर्ण सहमत नाही. गुरुपद अंगात मुरले की शिष्य कधीच मोठा होत नाही, हे आपण पुष्कळ पाहिले आहे. तरी त्यांचे मूळ निरीक्षण खरे आहे. पहिल्या काही भेटींत थोडा आधार, थोडे मार्गदर्शन देऊन मग हळूहळू निर्णय त्या माणसाच्या हाती सोपवत जाणे हा आपल्याकडचा अधिक प्रामाणिक मार्ग आहे. कुटुंबाचेही तसेच. सुनेला 'स्वतःसाठी ठामपणे उभ्या राहा' हा गृहपाठ देणे सोपे असते. त्या ठामपणाची किंमत घरी गेल्यावर कोण मोजणार, माहेरचे दार उघडे आहे का, हातात पैसा आहे का, हे न विचारता दिलेला तो गृहपाठ धोक्याचा ठरू शकतो.

आणि जात. या विषयावर आपली मानसोपचाराची खोली सर्वांत जास्त गप्प असते. महाराष्ट्रात दारावरच्या पाटीवरचे आडनाव वाचूनच आत येणाऱ्याला कळते की आपण कुणासमोर बसणार आहोत, आणि अर्ज भरताना समोरच्यालाही कळते. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघेही बोलत नाहीत. आता समजा, घरातला पहिलाच पदवीपर्यंत पोहोचलेला एखादा दलित किंवा आदिवासी विद्यार्थी सांगतो की वसतिगृहात मी आलो की बोलणे थांबते, माझ्या गुणांवर कुजबुज होते. पाठ केलेल्या पद्धतीने पाहिले तर याला विचारातली विकृती म्हणता येईल: इतरांच्या मनातले ओळखल्याचा भास, सगळे स्वतःवर ओढून घेणे. पण ती कुजबुज खरीच होत असेल तर? मग 'विचार बदला' हे सांगणे म्हणजे अन्यायाची जबाबदारी अन्याय सोसणाऱ्याच्याच माथी मारणे झाले. ज्या वाक्प्रचाराचे मी वर कौतुक केले तो 'मनाला लावून घेऊ नकोस' इथे अत्याचारी ठरू शकतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. इथे उपचारकाचे पहिले काम म्हणजे जे घडते आहे ते घडते आहे असे मान्य करणे. दुसरे, त्याविरुद्ध काय करता येईल हे त्याच्यासोबत पाहणे. त्या अपमानाने मनात खोल काय करून ठेवले आहे, तिकडे त्यानंतर वळायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ धर्म, संस्कृती, जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देते. जातीचा अनुभव उपचारकाला ऐकूच येत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. माणसाचा मेंदू सगळीकडे सारखाच आहे, स्किझोफ्रेनिया मुंबईतही होतो आणि मेलबर्नलाही, मग संस्कृतीचे हे अवडंबर कशाला? मेंदू सारखा आहे, हे मान्यच आहे. तीव्र मनोविकारांत औषधे लागतात आणि ती संस्कृती विचारत नाहीत, हेही मान्य. पण तीच औषधे वर्षानुवर्षे घेत राहावीत की नाही हे रुग्ण आणि त्याची आई ठरवतात. ते ठरते आजार म्हणजे काय, तो कुठून आला, गोळी काय करते याबद्दल त्यांची जी समजूत असते तिच्यावर. ती समजूत न विचारता दिलेली चिठ्ठी दोन महिन्यांत डब्यात जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना होते. या दरीला दवाखान्यांची कमतरता कारण आहेच. आत गेल्यावर आपले बोलणे कुणाला कळणार नाही, ही भावनाही तितकीच कारण आहे असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. संस्कृतीचा आदर करा म्हटले की मांत्रिक, देवऋषी, अंगात येणे, करणी या सगळ्यांना मागच्या दाराने मान्यता मिळेल, अशी भीती विवेकवादी चळवळीतली माणसे व्यक्त करतात. तिला रक्ताचा आधार आहे. २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडी येथे साखळदंडांनी बांधून ठेवलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत जळून मेले. पळता आले असते तर ते वाचले असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि २०१७ च्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी घातली. या दोन्ही रेषांवर तडजोड होऊच शकत नाही. पण ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. 'मला करणी झाली आहे' असे म्हणणाऱ्याला 'हा अंधविश्वास आहे' असे पहिल्या मिनिटाला सांगितले की तो उठून भगताकडे जातो आणि पुन्हा येत नाही. 'करणी कुणी केली असे वाटते, आणि कधीपासून?' असे विचारले तर अनेकदा जमिनीचा वाद, भावकीतली फारकत, मुलगा न झाल्याचे टोमणे असे काही बाहेर येते. खरे दुखणे तिथे असते, आणि उपचार तिथून सुरू होतो. गुजरातमधल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून 'दवा आणि दुवा' असा उपक्रम चालवला, तो याच समजुतीवर. मारहाण, डांबणे, उपाशी ठेवणे हे जिथे आहे तिथे पोलिसात जायचे. जिथे फक्त श्रद्धा आणि भय आहे तिथे बसून ऐकायचे.

तिसरा धोका आमच्यासारख्या, संस्कृतीची बाजू घेणाऱ्यांकडूनच येतो. 'मुसलमान स्त्रिया अशा असतात', 'आदिवासी असा विचार करतात', 'कोकणी माणूस मनातले बोलत नाही' अशा ठोकताळ्यांची यादी पाठ करून कुणी स्वतःला संस्कृतीचा जाणकार म्हणवू लागला, तर तो अडाण्यापेक्षा घातक. समाजाचा नमुना म्हणून वागवले गेलेले माणसाला लगेच कळते. मेलानी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये यावर 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली: दुसऱ्याच्या संस्कृतीत पारंगत झालो असे कधीच म्हणू नये, विचारत राहावे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आली, तिचाही रोख समाजाबद्दल माहिती गोळा करण्याकडे नाही. समोरच्या या एका माणसाला त्याच्या अडचणीबद्दल काय वाटते, हे ती विचारते. समाज आणि व्यक्ती यांतला हा तोल राखणे अवघड आहे, पण त्याला पर्याय नाही.

राहता राहिले पैसे आणि मनुष्यबळ. लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही जिथे नाही तिथे या चैनी कशाला, असे म्हटले जाते. गोव्याने याचे उत्तर दिलेले आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. ४९५ रुग्णांच्या या चाचणीत तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. गोव्यातल्या त्याआधीच्या प्रकल्पापासूनच 'डिप्रेशन' या शिक्क्याऐवजी लोकांच्या तोंडचा 'टेन्शन' हा शब्द वापरला गेला होता. स्थानिक भाषा बोलणारा माणूस तज्ज्ञापेक्षा स्वस्त असतो, लवकर तयार होतो आणि वस्तीतच राहतो. ज्याला चैन म्हटले जाते ती प्रत्यक्षात काटकसर आहे. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली भाषा, गडचिरोलीतली माडिया द्राविडी, नंदुरबारची भिली आर्यकुळातली. एका राज्यात तीन भाषाकुळे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार ठिकाणी. या भाषांत नुसती माहितीपत्रके छापून भागणार नाही. त्या भाषांत वाढलेल्या मुलामुलींना समुपदेशक म्हणून पगार द्यावा लागेल.

विद्यापीठांनी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकातला निदान अर्धा भाग मराठीत किंवा विद्यार्थ्याच्या मातृभाषेत घ्यावा, तिथली देखरेखही त्याच भाषेत व्हावी, आणि जात, धर्म, लैंगिकता यांवर बोलण्याचा सराव परीक्षेचा विषय असावा. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातल्या पहिल्या भेटीच्या नमुन्यात 'रुग्णाच्या शब्दांत तक्रार' असा रकाना असावा, आणि तो भाषांतर न करता भरला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि वाचकांनो, तुमच्यापैकी कुणी समुपदेशनाला गेला असाल आणि समोरच्याला तुमचे म्हणणे कळत नाही असे वाटले असेल, तर ते त्याला सांगा, दुसरा उपचारक मागा, पण येणे सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते, आणि तिथे मराठीत बोलता येते.